मागावरील दुखापती आणि त्यांचे निवारण

(श्री जिव्हेश्वर जयंतीनिमित्त येवला येथे भरलेल्या ज्ञातिमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रावण शुद्ध त्रयोदशीस आपल्या मूळपुरुषाचे स्मरण करण्यासाठी आपण जमतो, तेव्हा या व्यासपीठावरून बहुधा पैठणीची थोरवी गायिली जाते, आणि ते योग्यच आहे. ज्या ज्ञातीच्या मूळपुरुषाने देवांसाठी वस्त्र विणले अशी श्रद्धा आहे, त्या ज्ञातीने आपल्या वस्त्राचा अभिमान का बाळगू नये? २०१० साली पैठणीस भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद आपण सर्वांनी मानला. परंतु आज आम्ही पैठणीविषयी बोलणार नाही. ती विणणाऱ्या देहाविषयी, म्हणजे डोळे, पाठ, गुडघे आणि बोटे यांविषयी बोलावे असे आम्ही योजिले आहे. विषय सणासुदीचा नाही हे आम्ही जाणतो. पण सगळी ज्ञाती एकत्र बसण्याचा योग वर्षातून एकदाच येतो, म्हणून क्षमा असावी.

दुखापत हा शब्द उच्चारला की आपल्यासमोर गिरणी उभी राहते. फिरते पट्टे, लोखंडी चाके, उडणारे धोटे. एका भिंतीशी माग आणि दुसऱ्या भिंतीशी चूल असलेल्या आपल्या घरात दुखापत कसली, असे आपणांस वाटते. गिरणीत धोटा लागून कामगाराचा डोळा गेला तर त्यास अपघात म्हणतात. येवल्यातील विणकराची दृष्टी पंचवीस वर्षे मिणमिणत्या उजेडात नक्षी भरून अधू झाली, तर आपण म्हणतो, वय झाले. कंबर धरली तर म्हणतो, वातविकार. मागाच्या खड्ड्यात विंचू डसला तर म्हणतो, नशीब. आमचे आजचे म्हणणे एवढेच आहे की, यांतील बहुतेक गोष्टी वयाच्याही नाहीत आणि नशिबाच्याही नाहीत. त्या कामाच्या आहेत, आणि कामाच्या आहेत म्हणूनच टाळता येण्याजोग्या आहेत.

आपल्या घराकडे सरकारी कायद्याने कधी पाहिले काय? त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. हिंदुस्थानातील पहिला कारखाने कायदा १८८१ चा. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या, यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरताच तो होता. त्यानंतर तीनच वर्षांनी, म्हणजे १८८४ साली, महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरविली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्या अर्जातील रविवारच्या सुटीची मागणी सर्वांच्या स्मरणात आहे, कारण ती १८९० साली मान्य झाली. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, ती मात्र विस्मरणात गेली. काम करताना जो जायबंदी होईल त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, ही ती मागणी. तिला कायद्याचे रूप यावयास १९२३ साल उजाडावे लागले.

पुढे ज्यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्या याच येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. येवल्याचे नाव घेताना १९३५ ची घोषणा सांगितली जाते, आणि ती सांगितलीच पाहिजे. पण श्रम करणाऱ्यांच्या गावाने हा ४८ तासांचा आठवडाही ध्यानात ठेवावा. त्यानंतर १९४८ चा कारखाने अधिनियम आला. वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० आणि विजेवाचून चालणाऱ्या ठिकाणी २० माणसे असल्याखेरीज तो सामान्यतः लागू होत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी जी नवी संहिता अमलात आली, तीत कारखान्यासाठी हेच आकडे २० आणि ४० असे झाले आहेत. नवरा-बायको, म्हातारी आई आणि कांड्या भरणारा मुलगा एवढ्या माणसांच्या मागघरास हे आकडे कधी लागू व्हावयाचे? सारांश, निरीक्षक आपला उंबरा ओलांडणार नाही. ४८ तासांचा आठवडाही आपल्या उंबऱ्याबाहेरच थांबला. घरातला मालक तोच, मजूर तोच. तेव्हा निरीक्षकही त्यानेच झाले पाहिजे.

येथे एक गोष्ट सहज आठवली म्हणून सांगतो. संक्रांतीचे तीन दिवस आपले गाव गच्च्यांवर असते. ज्या आसारीवर आपण जर गुंडाळतो, तिच्याच थोरल्या भावंडावर मांजा गुंडाळलेला असतो. त्या तीन दिवसांत मांज्याने कोणाचा गळा चिरला, कोण गच्चीवरून पडले, याची बातमी वर्तमानपत्रात येते, आणि यावीच. नायलॉन मांज्यावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, तीही अशा जखमांची चर्चा झाली म्हणून. उरलेल्या दिवसांत मागावर जे घडते त्याची चर्चा नाही, बातमी नाही, म्हणून उपायही नाही.

आता खड्ड्याविषयी. आपल्या मागाची रचनाच अशी की, विणणारा जमिनीच्या पातळीवर बसतो आणि त्याचे पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर असतात. खड्डा अंधारा, गार आणि पावसाळ्यात ओलसर असतो. विंचवास आणि सापास याहून प्रिय जागा ती कोणती? सकाळी उठून थेट खड्ड्यात पाय सोडण्याची आपली सवय अत्यंत वाईट आहे. प्रथम बॅटरीचा उजेड आत टाकावा, काठीने पावड्यांखालची जागा ढवळावी आणि मगच बसावे. याला अर्धे मिनिट लागते. खड्ड्याच्या कडा आणि तळ सिमेंटने लिंपून भेगा बुजविल्या तर निम्मी काळजी तेथेच मिटते. जुन्या चिंध्या, तुटक्या कांड्या आणि सुताचा गुंता खड्ड्यात साठू देऊ नये. तो गुंता म्हणजे विंचवास दिलेले बिछानेच होत.

आणि इतके करूनही लाल विंचू डसलाच तर? महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी १९८० च्या दशकात कोकणातील रोग्यांच्या उशाशी बसून दाखवून दिले की, लाल विंचवाचे विष हृदयावर घाला घालते आणि प्राझोसिन नावाच्या साध्या, स्वस्त औषधाने ते संकट बहुतांशी टळते. अट एकच, औषध लवकर मिळाले पाहिजे. दंश झाल्यावर दरदरून घाम सुटणे, उलट्या, हातपाय गार पडणे, धाप लागणे ही धोक्याची लक्षणे आहेत. लहान मुलाच्या बाबतीत तर लक्षणांची वाटही पाहू नये. विंचू उतरविणाऱ्याकडे जाण्यात जो तास जातो, तोच रोग्याच्या जिवाचा तास असतो. सापाच्या बाबतीतही हेच. दोरी आवळू नये, जखम कापू नये, तोंडाने चोखू नये. रोग्यास चालवू नये, दंश झालेला अवयव हलू न देता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि त्यास थेट रुग्णालयात न्यावे. सापाच्या विषावर प्रतिविष हाच उपाय आहे आणि ते रुग्णालयातच मिळते.

विंचू एखाद्या वर्षी डसतो. बैठक मात्र रोज डसते. तुरीवर ओणवे होऊन आठ-दहा तास बसण्याने मान, कंबर आणि गुडघे यांची जी झीज होते, तिला आपण धंद्याचा मान समजून बसलो आहोत. 'आमच्या आजोबांनी साठ वर्षे माग चालविला' असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. आजोबा शेवटची दहा वर्षे भिंतीचा आधार घेतल्यावाचून उभे राहू शकत नव्हते, हे त्याच वाक्यात कोणी सांगत नाही. उपाय खर्चाचे नाहीत. बैठकीवर जाड घडी घालून ती इतकी उंच करावी की, हात्या ओढताना खांदे वर चढू नयेत आणि पाय पावडीवर पूर्ण टेकावेत. घरात दोन माणसे एकाच मागावर आळीपाळीने बसत असतील आणि त्यांच्या उंचीत वीतभर फरक असेल, तर दोघांच्या घड्याही निराळ्या हव्यात. तासाभराने उठून चार पावले चालावे आणि पाठ मागे ताणावी. भगिनींना आमचे विशेष सांगणे आहे. मागावरून वारंवार उठावे लागू नये म्हणून पाणी कमी पिण्याची जी सवय आपल्यांत आहे, ती सोडावी. येवल्याच्या उन्हाळ्यात ती मूत्रविकारास आणि मुतखड्यास आमंत्रण देते. गरोदरपणी तर तुरीवर पोट टेकून विणणे सर्वथा वर्ज्य मानले पाहिजे, मग ऑर्डर कोणाचीही असो.

इटलीत रामाझिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितले की, रोग्यास इतर प्रश्न विचाराल तसा 'तुझा धंदा कोणता?' हाही प्रश्न विचारा. आपल्या डॉक्टरांनी तो विचारला नाही तर आपण होऊन सांगावे की, आम्ही माग चालवितो आणि दिवसाचे इतके तास असे बसतो. नाहीतर गोळ्या पाठदुखीच्या मिळतील आणि बैठक तशीच राहील.

विजेविषयी आम्हांस अधिक भय वाटते. ओलसर खड्ड्यात अनवाणी पाय, हातात धातूची जर, डोक्यावर लोंबणारा दिवा आणि त्याच्या वायरीला जागोजागी चिकटपट्टी, हे दृश्य आपल्यांपैकी पुष्कळांच्या घरी आहे. कोरड्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसास जो झटका नुसता हिसका देऊन सोडील, तोच ओल्या मातीत पाय असलेल्या माणसाचा प्राण घेऊ शकतो, कारण विजेला शरीरातून जमिनीत जाण्यास सोपी वाट मिळते. आपण म्हणाल, घरात एम.सी.बी. बसविली आहे. ती असावीच, पण ती वायरीचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. माणसाच्या रक्षणासाठी आर.सी.सी.बी. नावाचे निराळे उपकरण असते. जाणारा आणि परत येणारा विद्युत्प्रवाह यांचा ते सतत ताळा घेते, आणि ३० मिलिअँपिअर इतकी गळती झाली तरी पापणी लवण्याच्या आत वीज तोडते. ते बसवून घ्यावे आणि महिन्यातून एकदा त्यावरील चाचणीचे बटन दाबून पाहावे. त्याची किंमत एका पैठणीच्या मजुरीपुढे अगदी किरकोळ आहे. घराचे अर्थिंग ठीक आहे की नाही, हेही जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. कोणास झटका बसून तो चिकटला तर धावत जाऊन त्यास धरू नये. आधी मेन स्विच बंद करावा. तो दूर असेल तर कोरड्या लाकडाने त्यास बाजूस सारावे. हे घरातील दहा वर्षांच्या मुलासही ठाऊक असले पाहिजे, कारण अशा वेळी घरी तोच एकटा असू शकतो.

मोटारीवर कांड्या भरताना पदर, ओढणी आणि मोकळी वेणी सांभाळावी. गिरणीत चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्याने अंगासरशी कपडे घालावेत असा नियम असे. आपल्या घरी तो नियम घालणारा कोणी नाही, म्हणून पदर खोचण्याची आठवण सासूने सुनेस आणि सुनेने सासूस द्यावी. ज्यांच्याकडे यंत्रमाग आहेत त्यांनी धोटा उडू नये म्हणून बसविलेली जाळी अडचण होते या सबबीवर काढू नये. वर जकार्ड बसविलेले असेल तर त्याचे नटबोल्ट आणि ते ज्या तुळईवर उभे आहे ती तुळई, दोन्ही वर्षातून एकदा पाहावीत. खाली बसणाऱ्याचे लक्ष नक्षीकडे असते, आढ्याकडे नसते.

आगीविषयी बोलताना शब्द जड होतात. ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरील शिवणकामाच्या दुकानास आग लागली आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील ७ माणसे गेली. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्या नव्हत्या. धुराने त्यांचा प्राण घेतला. पुढे १८ मे २०२५ रोजी, तेही पहाटेच, सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यास आग लागून मालकाच्या कुटुंबातील माणसे आणि कामगार मिळून ८ जण दगावले. तेथेही राहणे आणि काम एकाच इमारतीत होते. दोन्ही ठिकाणी कापड, दोन्ही ठिकाणी झोपलेली माणसे. आम्ही हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. आपल्यांपैकी बहुतेकांची घरे याच घडणीची आहेत, खाली माग किंवा दुकान आणि वर निजण्याची खोली, म्हणून सांगतो. आज रात्री घरी गेल्यावर एवढेच पाहावे की, खालचा जिना धुराने भरला तर वरच्या माणसांना दुसरी वाट आहे काय? खिडकीस गज असतील तर एका खिडकीचे गज आतून उघडण्याजोगे करून घ्यावेत आणि तिची किल्ली खिडकीजवळच टांगावी. रेशमाचे आणि सुताचे गठ्ठे जिन्याखाली ठेवू नयेत. गॅसची शेगडी आणि माग यांच्यामध्ये निदान एक भिंत असावी. अलीकडे विजेवर चालणारी दुचाकी रात्रभर मागघरातच चार्जिंगला लावण्याची नवी पद्धत पडली आहे, ती सत्वर बंद व्हावी. धूर झाला तर उभ्याने धावू नये. धूर वर साठतो, जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते, म्हणून रांगत बाहेर पडावे.

रंगाविषयी दोनच शब्द. रेशीम स्वतः उकळणारी आणि रंगविणारी घरे आता थोडी आहेत. पण जी आहेत त्यांनी हातमोजे घालावेत, दारे-खिडक्या उघडी ठेवावीत आणि रंगाच्या भांड्यात पुन्हा स्वयंपाक करू नये. काही ॲझो रंग कर्करोगास कारण होऊ शकतात म्हणून १९९७ साली सरकारने त्यांवर बंदी घातली आहे. तेव्हा नाव-गाव नसलेली रंगाची पुडी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. उकळते पाणी अंगावर सांडले तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. हळद, शाई, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये.

डोळ्यांचा विषय आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण आपली खरी पुंजी ती. चाळिशी आली की जवळचे दिसणे मंदावते. हा निसर्ग आहे, त्यात कोणाचा दोष नाही. दोष आहे तो चष्मा लपविण्यात. 'चष्मा लागला म्हणजे हात गेला' असे सावकार म्हणेल, व्यापारी बारीक काम देणार नाही, या धास्तीने कित्येक कसबी माणसे नक्षीच्या तारा अंदाजाने मोजतात. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढील ७५१ मजुरांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांना जवळचे पाहण्याचे साधे चष्मे दिले, आणि चष्मेवाल्यांचे काम इतरांहून सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढले. चहाची पाने खुडण्यात चष्म्याने इतका फरक पडत असेल, तर पदरावरचा मोर भरण्यात किती पडेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. उजेडाचेही तेच. दिवा समोर असून डोळ्यांवर येऊ नये. तो डाव्या-उजव्या अंगास, थोडा वरून, कापडावर पडेल असा असावा. जरीवर पडून चकाकणारा उजेड हा उजेड नव्हे.

येथे कोणी म्हणेल की हे सर्व खरे, पण मजुरी नगावर मिळते, तासावर नाही. उठून चार पावले चालावे तर तितके विणणे मागे पडते, आणि लग्नसराईत व्यापारी तगादा लावून बसतो. हा आक्षेप खोटा नाही. किंबहुना बहुतेक दुखापतींचे मूळ याच घाईत आहे. रात्री बारानंतर विणलेल्या दोन वितींमध्ये जितक्या चुका आणि जितक्या जखमा होतात, तितक्या दिवसाच्या हातभर कामात होत नाहीत, हे प्रत्येक विणकर मनातून जाणतो. पण एकट्या घराने व्यापाऱ्यास मुदत वाढवून मागितली तर काम शेजारी जाते. म्हणून हा प्रश्न एकेका घराचा राहत नाही. तो ज्ञातीचा, आणि खरे पाहता येवल्यात माग चालविणाऱ्या सर्वच समाजांचा होतो. २०१९-२० च्या हातमाग गणनेप्रमाणे देशात ३५ लाखांहून अधिक माणसे या धंद्यात आहेत आणि त्यांत ७२ टक्के स्त्रिया आहेत. इतक्या माणसांनी रात्रीचे काम आपसांत ठरवून सोडले तर पैठणी चार दिवस उशिरा मिळेल, इतकेच.

आता प्रत्यक्ष काय करावे? आमच्या तीन सूचना कार्यकारी मंडळापुढे आहेत. संस्थेने एक नोंदवही ठेवावी आणि मागावर झालेली प्रत्येक दुखापत, मग ती बोटात जरीची तार घुसण्याइतकी लहान का असेना, तारीख आणि कारण यांसह तीत लिहावी. नाव लिहिण्याची सक्ती नसावी. वर्षअखेर ती वही वाचली म्हणजे कोणत्या गोष्टीने किती जणांस इजा केली ते कळेल, आणि पुढच्या वर्षी पैसा कोठे खर्चावा तेही कळेल. दुसरे असे की, खंडेनवमीस आपण मागाची पूजा करतोच. त्याच दिवशी हळदकुंकू वाहण्यापूर्वी खड्डा, वायरी, जकार्डची तुळई आणि दुसरी वाट यांची पाहणी करण्याचा परिपाठ घालावा. तिसरी सूचना विम्याची. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षांच्या खातेदारास १ जून २०२२ पासून वर्षास २० रुपये भरावे लागतात. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही डोळे अथवा दोन्ही हात गेल्यास २ लाख, आणि एक डोळा वा एक हात गेल्यास १ लाख रुपये मिळतात. ही रक्कम फार नाही. परंतु लोखंड्यांच्या अर्जावर सह्या करणाऱ्यांना तेवढीही आशा नव्हती. घरातील मिळवत्या स्त्रियांची खाती या योजनेत आहेत की नाहीत, हे आवर्जून पाहावे. पुष्कळ घरांत कर्त्या पुरुषाचेच तेवढे नाव असते.

नेत्रतपासणीसाठी चाळिशीपुढील बंधुभगिनींनी आपली नावे महाप्रसादानंतर चिटणीसांकडे द्यावीत. ज्यांच्या घरी आर.सी.सी.बी. बसवावयाची आहे त्यांनीही तेथेच सांगावे, म्हणजे एकत्र खरेदी करता येईल आणि वायरमनही एकच ठरविता येईल.